मोजलंच नाही, मग जबाबदारी कोणाची?

इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर म्हणून एक उघडं माळरान आहे, खाली सगळा ग्रॅनाइट, आणि त्यात प्रिन्सटाउन नावाच्या गावात एक जुना दगडी तुरुंग. नेपोलियनच्या लढायांत पकडलेले सैनिक ठेवायला १८०९ मध्ये सुरू झालेला. हा तुरुंग २०२४ च्या ऑगस्टमध्ये अख्खा रिकामा करावा लागला. दंगल नाही, आग नाही, भिंत पडली नाही, कोठड्यांमधल्या हवेत रेडॉन जास्त निघाला म्हणून. सहाशेच्या वर कैदी, त्यांना उचलून दुसरीकडे न्यायचं, तेही देशभरातले तुरुंग आधीच तुडुंब भरलेले असताना. वर गंमत अशी की जागा सरकारची नाहीच, ती डची ऑफ कॉर्नवॉलची म्हणजे तिकडच्या युवराजांच्या इस्टेटीची, त्यामुळे तुरुंग रिकामा पण भाडं चालू. २०२० मध्येच रेडॉनची रीडिंग जास्त आली होती आणि तरीही नंतर दहा वर्षांची नवी लीज केली गेली, यावरून तिकडे सरकारला चांगलंच धारेवर धरलं गेलं. शेकडो माजी कैदी आणि कर्मचारी नुकसानभरपाई मागायला वकिलांकडे गेलेत.

मला यात रेडॉनपेक्षा जास्त इंटरेस्ट दुसऱ्या गोष्टीत आहे, ती म्हणजे मोजल्यावर जबाबदारी येते हे एकदा सगळ्यांना कळलं की मोजायचंच नाही असा शहाणपणा सरकारी इमारतींत कसा रुजतो, आणि कायदा त्याला नकळत खतपाणी कसं घालतो.

आधी रेडॉन म्हणजे काय ते उरकून टाकू. जमिनीत, दगडात थोडं थोडं युरेनियम सगळीकडे असतं, ते विघटित होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. वास नाही, रंग नाही, चव नाही. अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे जमिनीतून वर यायला वेळ पुरतो. मोकळ्या हवेत आला तर पांगून जातो, पण वर इमारत असेल तर जोत्याच्या भेगांतून, पाइप जिथून स्लॅबमध्ये शिरतात त्या फटींतून, ड्रेनेजच्या बाजूने आत येतो आणि दारं खिडक्या बंद असतील तर साठतो. श्वासाबरोबर तो आत बाहेर होतो, खरा त्रास त्याच्या पिल्लावळीचा, म्हणजे तो फुटून जे बनतं त्याचा, पोलोनियमचे अणू फुप्फुसात चिकटून बसतात आणि तिथे पेशींना इजा करणारे अल्फा कण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिगारेटनंतरचं हे मोठं कारण आहे, देशादेशाप्रमाणे ३ ते १४ टक्के केसेस यामुळे होतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगायची गरज नाही, न्यू जर्सी किंवा पेनसिल्वेनियात घर घेताना बेसमेंटमध्ये रेडॉन टेस्ट लावतात आणि रीडिंग ४ च्या वर (तिकडचं माप पिकोक्युरी, खाली येणारं बेकरेल नव्हे) आलं तर त्यावर किमतीची घासाघीस होते. तिकडे ही जागृती आली ती १९८४ च्या डिसेंबरात, स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनियर पेनसिल्वेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात कामावर यायचा आणि गेटवरचा रेडिएशन अलार्म वाजायचा. प्रकल्प अजून सुरूही झालेला नव्हता. शेवटी कळलं की किरणोत्सार तो प्रकल्पातून घरी नेत नव्हता, घरून प्रकल्पात आणत होता. त्याच्या घरातल्या हवेत घनमीटरला एक लाख बेकरेलच्या आसपास रेडॉन होता (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). जागतिक आरोग्य संघटना म्हणते १०० च्या आत ठेवा, नाहीच जमलं तर ३०० च्या वर जाऊ देऊ नका.

आता धोका किती मोठा ते पण नीट सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा उखडायला घेईल. (नका उखडू. ओट्यातून येतो तो किरकोळ, मुख्य माल जमिनीतून येतो.) युरोपातल्या तेरा अभ्यासांची एकत्र आकडेमोड २००५ मध्ये छापून आली, तिच्यातून निघालं की दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. पण १६ टक्के कशाच्या? कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाला पंच्याहत्तरीपर्यंत या कॅन्सरने मृत्यू यायची शक्यता रेडॉन नसताना ०.४ टक्के, घरात ४०० बेकरेल असताना ०.७ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याला तीच १० वरून १६ टक्के. म्हणजे घाबरून गावभर बोंब मारावी असं काही नाही, पण लाखो लोक रोज ज्या इमारतींत बसतात तिथे हे छोटे टक्के माणसांत मोजायला लागले की आकडा लहान राहत नाही, अमेरिकेची पर्यावरण संस्था वर्षाला २१ हजार मृत्यू रेडॉनच्या खात्यात टाकते.

आणि इथेच कायद्याची खरी गोची होते, कारण दिवाणी दाव्यात जास्त शक्यता कोणत्या बाजूला आहे ते बघतात, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वर पाहिजे. समजा एक कारकून तीस वर्षं तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसला आणि त्याला कॅन्सर झाला. दिवसाचे आठ तास कशाला, चोवीस तास तो तिथेच राहिला असं धरू आणि हवेत १०० बेकरेल होते असं धरू. धोका १६ टक्क्यांनी वाढला म्हणजे अशा ११६ पेशंटांपैकी १६ रेडॉनमुळे आणि १०० कसेही झालेच असते. या एका माणसाचा आजार रेडॉनमुळे झाला असण्याची शक्यता चौदा टक्क्यांच्या आसपास. केस हरला. पन्नास टक्के गाठायचे तर धोका दुप्पट व्हायला हवा, त्यासाठी सहाशेच्या वर बेकरेल आयुष्यभर लागतील. म्हणजे ३०० बेकरेलची इमारत, जी युरोपच्या कायद्यातही दुरुस्त करायला लावतील, तिच्या मालकाला कोणताही पेशंट कोर्टात कधीच हरवू शकत नाही, हे गणितानेच ठरलेलं आहे. त्यात तो कधीमधी विडी ओढत असेल तर विषयच संपला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्या खोलीत किती रेडॉन होता याचा कागद कुठे आहे? कोणी मोजलंच नव्हतं.

इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत हाच पेच आला होता, एकाच कामगाराने चार ठिकाणी काम केलेलं, कुठल्या कंपनीच्या धुळीने आजार झाला सांगता येईना. २००२ मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी नियम वाकवला, ज्याने धोका ठळकपणे वाढवला तो जबाबदार. पण तिथला आजार होता मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, तो ॲस्बेस्टॉसशिवाय सहसा होत नाही, फुप्फुसाचा कॅन्सर शंभर कारणांनी होतो. तिथली वाट इथे फारशी उपयोगी पडत नाही, हे मान्य करावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आजारी माणसाने कारण सिद्ध करायचं ही वाट बंद आहे, ती उघडायच्या नादाला लागू नये. जबाबदारी आधीच्या पायरीवर बांधायची: धोक्याच्या जागी इमारत असून मोजलं नाही हाच गुन्हा, मोजून जास्त आलं आणि ठरलेल्या मुदतीत काही केलं नाही हा त्याहून मोठा गुन्हा. आणि जो मोजतो, आकडा जाहीर करतो, दुरुस्तीला हात घालतो, त्याच्या डोक्यावर तोच आकडा उद्या पुरावा म्हणून आपटायचा नाही. नाहीतर आकडा पाहिजे कोणाला?

युरोपने साधारण हाच रस्ता धरलाय. २०१३ च्या युरॅटम (युरोपची अणुऊर्जा संघटना) निर्देशाने सदस्य देशांना कामाच्या जागा आणि लोकांची ये-जा असणाऱ्या इमारती यांच्यासाठी ३०० च्या वर नसलेली पातळी ठरवायला लावली आणि राष्ट्रीय आराखडा करायला लावला. जर्मनीने तर नकाशावर रेडॉनचे पट्टे जाहीर केले, त्या पट्ट्यात तळघरात किंवा तळमजल्यावर कामाची जागा असेल तर मालकाने बारा महिने मोजायचं, कोणी आजारी पडो न पडो. तिकडे हे दुखणं जुनं आहे, सॅक्सनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांचा जीवघेणा छातीचा आजार फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे १८७९ मध्येच दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेला ३०० ची मर्यादा आहे आणि तळघरात माणूस आठवड्याला साधारण तासभर जरी बसत असेल तरी गाव रेडॉनच्या नकाशात असो नसो तिथे मोजा असं सांगितलेलं आहे.

पण ब्रिटनच्याच कायद्यात एक पळवाट आहे जी बघून आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटावं. १९७४ चा त्यांचा कामगार सुरक्षा कायदा सरकारी खात्यांना लागू आहे, पण तो मोडला तर खात्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही. खाजगी कंपनीला दंड होतो, सरकारी खात्याला क्राउन सेन्शर म्हणजे अधिकृत ठपका, दंड शून्य. एकाच ग्रॅनाइटवर एक हॉटेल आणि एक तुरुंग, हॉटेलवाला कोर्टात उभा राहील आणि तुरुंगाच्या खात्याला निषेधाचा कागद मिळेल.

हसण्याआधी आपलं बघा. आपली व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मालकाने कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवायची असं तिच्यात आहे, वाचायला छान वाटतं. पण सुरुवातीलाच लिहिलंय की केंद्र आणि राज्य सरकारच्या ऑफिसांना ही संहिता लागू नाही, मात्र त्या ऑफिसात ठेकेदारामार्फत लावलेल्या कंत्राटी कामगारांना लागू आहे. म्हणजे जिल्ह्याच्या एखाद्या सरकारी इमारतीच्या तळघरात झाडू मारायला येणारा कंत्राटी माणूस तेवढ्यापुरता संहितेच्या छत्रीखाली आणि तिथेच दिवसभर फाइली शोधणारा कायम नोकरीतला कारकून छत्रीच्या बाहेर. बरं, इमारतीत रेडॉन मोजलाच पाहिजे असा स्पष्ट हुकूम तर दोघांसाठीही कुठे नाही.

अशा रेकॉर्ड रूम ज्यांनी बघितल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतोय. जिना उतरून खाली गेलं की एक लोखंडी दार, आत छतापर्यंत रॅक, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, भिंतीला ओल धरलेली, वरच्या कोपऱ्यात एक एक्झॉस्ट फॅन जो बंद पडलाय आणि ज्याच्या पात्यांवर बोटभर धूळ आहे. खिडकी असलीच तर वाळवीच्या आणि चोरीच्या भीतीने प्लायवूड ठोकून बंद. कोब्याला भेगा. रेडॉन साठवायला याच्यापेक्षा सोयीची जागा कोणी मुद्दाम बांधली नसती.

सरकारी हॉस्पिटलात तर आणखी विचित्र चित्र दिसतं. एक्सरे टेक्निशियनच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, तो ठरलेल्या मुदतीने लॅबला जातो, डोस मोजला जातो, नोंद राहते, कारण अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी पाळले जातात. पलीकडच्या खोलीत केसपेपर लावणारी बाई, तिच्याकडे काही नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाचा हिशोब आहे, ३०० बेकरेलच्या जागी वर्षाला २००० तास काम केलं तर साधारण ४ मिलीसीव्हर्ट डोस बसतो. एक्सरे टेक्निशियनला वर्षभरात सहसा एवढा बसत नाही. आणि तो बॅज तिला दिला तरी उपयोग नाही, टीएलडीला रेडॉन दिसत नाही. मशीनमधून येणारं रेडिएशन कायद्याला दिसतं, जमिनीतून येणारं दिसत नाही, असा हा भेदभाव.

यावर ठरलेला आक्षेप येणार, शाळेला धड छप्पर नाही, संडासला पाणी नाही आणि तुम्ही रेडॉन काय घेऊन बसलात. आक्षेप चुकीचा नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलाय आणि काळ्या पाषाणात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी असतं, शिवाय आपण बारा महिने खिडक्या उघड्या टाकून राहणारी माणसं. पुणे, नाशिक, सातारा, संभाजीनगरच्या शाळाशाळांतून रेडॉन मोजत हिंडायचं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं, आणि वर एखाद्या कंपनीला टेंडर मिळून प्रत्येक दारावर रेडॉन सेफचा स्टिकर लागेल, अग्निशामक नळकांड्यांवर लागतो तसा, तारीख उलटून गेलेला. मला ते नकोच आहे.

पण बेसाल्ट सगळीकडे नाही. नागपूरच्या पूर्वेला गेलं की तो संपतो, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा बराच भाग जुन्या नाइस (ग्रॅनाइटच्या जातकुळीतला एक खडक) आणि ग्रॅनाइटवर आहे. तळकोकणात सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला आणि पुढे गोव्यात काणकोणकडे काही भागांत तेच. महाराष्ट्राबाहेर हैदराबाद, बंगळुरू अख्खी शहरं ग्रॅनाइट आणि नाइसवर, आणि तिथे काचबंद एसी इमारतींत आपलीच किती पोरं नोकरी करतात. तिथे रेडॉन जास्तच असणार असं मी म्हणत नाही, खडक एक गोष्ट, इमारत दुसरी, एकाच गल्लीत दोन घरांत जमीन अस्मानाचा फरक निघतो. म्हणूनच नकाशा बघून फक्त कुठे मोजायचं ते ठरवायचं, निष्कर्ष काढायचा नाही. आणि बेसाल्ट असो नसो, जमिनीखाली जिथे माणसं रोज पूर्ण शिफ्ट काढतात, भुयारी मेट्रोच्या स्टेशनातल्या स्टाफ रूम, हॉस्पिटलची तळघरं, ट्रेझरीच्या स्ट्राँग रूम, त्या यादीत पाहिजेतच. यादी छोटी आहे, एका आर्थिक वर्षात उरकेल एवढी.

मोजायला काय लागतं तेही बघा, कारण महागडी मशीन लागते असा समज करून दिला जातो. आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, पिनहोल डोसिमीटर बनवलाय, हातात मावेल एवढी प्लास्टिकची नळकांडी, आत दोन कप्पे आणि मध्ये बारीक छिद्रांची चकती. पहिल्या कप्प्यात रेडॉन शिरतो आणि त्याचा चुलतभाऊ थोरॉनही, पण थोरॉनचं अर्धायुष्य जेमतेम ५५ सेकंद, छिद्रांतून पलीकडे झिरपेपर्यंत तो संपतो, म्हणून दुसऱ्या कप्प्यात फक्त रेडॉन. दोन्हीकडे फिल्मचा एकेक तुकडा. अल्फा कण आदळला की फिल्मवर अतिसूक्ष्म ओरखडा पडतो. तीन महिने भिंतीपासून लांब टांगून ठेवायची, मग फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात टाकली की ओरखड्यांची छिद्रं दिसायला लागतात, ती मोजायची. वीज लागत नाही, ऑपरेटर लागत नाही, आवाज नाही. फक्त कोणी ती पंखा साफ करताना काढून टाकू नये एवढं बघायचं, आणि ऋतू बदलला की पुन्हा टांगायची कारण हिवाळ्यात बंद खोलीचा आकडा वेगळा येतो.

दुरुस्तीचं पण तसंच. खूप जास्त निघालं तर स्लॅबच्या खाली खड्डा करून त्यातून पीव्हीसी पाइप गच्चीच्या वर काढतात आणि वर पंखा बसवतात, स्लॅबखालची हवा ओढली जाते आणि गॅस आत यायच्या आधीच बाहेर जातो. यात रॉकेट सायन्स काही नाही, अमेरिकेत लाखो घरांत हे आहे. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही, तेवढं ठेकेदाराला आधीच सांगून ठेवावं लागेल कारण बिल मात्र भेगा बुजवण्याचंच येणार.

मग मोजत का नाहीत? माझा अंदाज सांगतो, पैशामुळे नाही. कार्यकारी अभियंत्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आज त्याच्याकडे रेडॉनचा एकही कागद नाही म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं. डोसिमीटर लावला आणि ५०० आलं की त्याच्या सहीचा कागद तयार झाला, आता इमारत बंद करायची तर वरचे ओरडणार, नाही केली तर उद्या कोणीतरी माहिती अधिकारात तो कागद काढणार. डार्टमूरमध्ये नेमकं हेच झालं, २०२० चा आकडा होता म्हणून तर नंतरच्या लीजवरून गळा धरता आला. न मोजणारे कितीतरी तुरुंग, शाळा, ऑफिसं जगभर निवांत आहेत.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्र उलटल्यावर आग लागली, दहा बाळं गेली, आणि त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटची धावपळ झाली. इतकं भयंकर घडल्यावर तरी झाली. रेडॉनच्या बाबतीत अशी रात्र कधीच येणार नाही. वीस पंचवीस वर्षांनी कुठल्यातरी टाटा हॉस्पिटलच्या रांगेत एक रिटायर्ड माणूस बसलेला असेल आणि डॉक्टर विचारतील सिगारेट ओढता का, तो म्हणेल नाही, आणि विषय तिथे थांबेल. दुर्घटनेनंतर जागं होणारी आपली पद्धत इथे मुळातच चालत नाही, म्हणून कायद्याने आधी जागं करायला पाहिजे.

कायद्याला हे अगदीच नवीन आहे असंही नाही. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने कामगाराचं आरोग्य कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात बसवलं आणि कंपन्यांना आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपायला लावल्या. आजार उशिरा येतो आणि तोपर्यंत कागद गायब होतात हे कोर्टाला तीस वर्षांपूर्वी कळलेलं होतं. तोच नियम इमारतीच्या हवेला लावायचा, मोजलेला आकडा चाळीस वर्षं जपायचा, दाराशी लावायचा, आणि संहितेतली ती सरकारी ऑफिसांची सूट निदान हवा, आग आणि छत या तीन बाबतीत तरी काढायची. सूट ठेवायचीच असेल तर कारण तरी सांगा, सरकारी कारकुनाची फुप्फुसं वेगळी असतात का?

नवीन इमारतींचं काम तर त्याहून सोपं. जोतं भरताना खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, आणि खडीतून गच्चीपर्यंत एक चार इंची पाइप मोकळा ठेवायचा, पुढे मागे रेडॉन निघालाच तर फक्त वर पंखा जोडायचा. बांधतानाचा खर्च इमारतीच्या बजेटमध्ये दिसणारसुद्धा नाही, नंतर फरशी फोडून करायचं तर दिसेल. गडचिरोलीत, गोंदियात आश्रमशाळा, वसतिगृहं बांधली जातायत, मुलं तिथे वर्षातले नऊ दहा महिने झोपतात. पण हा पाइप तिथे पडायचा असेल तर तो आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत आयटम म्हणून यायला हवा, कारण दरसूचीत नाही ते एस्टिमेटमध्ये येत नाही आणि एस्टिमेटमध्ये नाही ते कुठलाही ज्युनियर इंजिनियर स्वतःच्या अंगावर घेत नाही.